तुटण्यासाठी केलेली खीळ

खोकं फोडलंस ना, मारिसेल? मग आधी बस जरा.
नोव्हेंबर आहे. तळ्यावरून अजून नुसता वाराच येतोय.
तू टूसॉनच्या उन्हातून आलेली,
तुला वाटतं बर्फ म्हणजे उद्याच.
किविनॉत तो येतो, पण आपल्या वेळेनं,
आणि आला की मेपर्यंत पाहुणचार घेतो.

बोल्ट सगळे आधी हातानं लाव, सैलसर.
पाना नंतर.
एकेक आवळत गेलीस की शेवटचं भोक
समोर येतच नाही.
हे मला आमच्या लग्नातल्या पलंगानं शिकवलं.

इंजिनात तेल नसतं. नवं यंत्र कोरडंच येतं.
कांडी काढ, पूस, बुडव, उजेडात बघ.
कांडीवर विश्वास ठेव, विकणाऱ्यावर नको.

दोन लिव्हर: एक चाकांचं, एक पात्यांचं.
सोडलं की थांबलं पाहिजे. तिथल्या तिथं.
थांबत नसेल तर तार नीट लागेपर्यंत
बर्फाकडे बघायचंसुद्धा नाही.
हात दुखतो म्हणून लिव्हर दोरीनं बांधणारे
पाहिलेत मी. शहाणे समजले जायचे.

पेट्रोल बाहेर ओतायचं, अंगणात, इंजिन थंड असताना.
आणि गॅरेजचं दार लावून चालू करायचं नाही,
दोन मिनिटंही नाही.
ओनी साल्मीला आम्ही त्या दोन मिनिटांतून
पायांना धरून ओढून काढला.
जगला. पण नंतर बायकोला हाक मारायची झाली
की आधी थोडा वेळ छताकडे बघायचा.

आता ही बघ. करंगळीएवढी.
कामाला खीळ बसली म्हणतात ना,
इथं उलटं आहे:
खीळ तुटते, आणि यंत्र वाचतं.
बर्फाखाली काय असतं कुणाला माहीत,
गोठलेलं वर्तमानपत्र, पायरीची वीट, कुणाची घसरगाडी,
पाती अडतात, ही मुकाट्यानं मोडते,
आतले दाते शाबूत राहतात.
हिला मुद्दाम मऊ केलंय. तुटणं हेच हिचं काम.

रेइनोची तुटली तो रविवार होता. दुकान बंद.
त्यानं डब्यातला एक चांगला पोलादी बोल्ट घातला.
चांगला, म्हणाला. हा काही तुटायचा नाही.

नाही तुटला.
वीट अडकली, इंजिन गुदमरून बंद पडलं,
आणि पट्ट्यात तो सगळा पीळ तसाच राहिला,
रागावलेल्या माणसाच्या गप्प बसण्यासारखा.
रेइनोनं वाकून हात घातला.
अर्धा वेढा. एवढाच.
इंजिन बंद होतं,
हे मी डॉक्टरला तीनदा सांगितलं,
जसं काही त्यानं बोटं परत येणार होती.

पुढची एकोणीस वर्षं तो कप दोन्ही हातांनी धरायचा.
लोकांना वाटायचं, थंडी वाजतेय.

म्हणून ही काठी. बर्चची आहे, मीच तासली.
मुठीजवळ लटकव.
तोंड तुंबलं की लिव्हर सोड, इंजिन बंद कर, किल्ली काढ,
सगळं थांबेपर्यंत थांब,
हवं तर एक जुनं गाणं म्हण, आणि मग काठी.
काठी मोडली तर दुसरी तासू.
बोट तासता येत नाही.

वसंतात टाकी रिकामी कर, पट्टा चाचपून बघ,
पात्यांखालचे जोडे झिजले असतील तर बदल.
खडीच्या वाटेवर ते जरा खाली सरकवायचे,
म्हणजे पाती वर राहतात, नाहीतर दगड उडतात.

हा कॉफीचा डबा तुझा. अकरा खिळी आहेत.
बारावी माझ्या ॲप्रनच्या खिशात,
ती मागू नकोस.

आणि हो, फेकीचं तोंड
शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळवायचं नाही.
शेजारी मी आहे.